हालवर्सनांच्या वीस टेकड्या

बिटरवेल, ॲरिझोना
६ जानेवारी १९८७

ती. वन्सं यांस मार्लिसचा नमस्कार.

तुमचं नाताळचं पत्र इथल्या टपाल कचेरीत आठ दिवस पडून होतं. पत्ता नसलेल्या माणसांचं टपाल एका खोक्यात टाकतात आणि आपलं आपण शोधायचं. दोनशे म्हाताऱ्यांच्या औषधांच्या जाहिरातींखालून तुमचं अक्षर ओळखलं.

नॉर्बीत उणे तीस असताना आम्हाला उन्हात बसायची लाज कशी वाटत नाही, असं तुम्ही विचारलंत. पहिले चार दिवस वाटली. मग इथली मंडळी पाहिली आणि गेली. दोनशे चाकांवरची घरं, सगळी निवृत्त माणसं, सगळी बर्फातून पळून आलेली. चार वाजले की घड्या घातलेल्या खुर्च्या उलगडतात, गोल करून बसतात आणि गुडघ्यांवर बोलतात. हजार मैल गाडी हाकत वाळवंट बघायला आले आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

तुमचे बंधू मात्र त्यातले नाहीत. इथे ‘वीसटेकडी मंडळ’ म्हणून एक मंडळ आहे. आसपासच्या प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक पत्र्याचा डबा ठेवलाय, त्यात वही. वर पोचणाऱ्यानं नाव आणि तारीख लिहायची. एक मार्चच्या आत ज्याच्या वीस टेकड्या झाल्या, त्याच्या नावाची तांब्याची पट्टी सभागृहाच्या भिंतीवर लागते, कायमची. अकरा वर्षांत फक्त चौदा पट्ट्या लागल्यात. मंडळाच्या चिटणीस विल्मा स्टकी, आयोवात गणित शिकवायच्या. त्या शेवटी सगळ्या वह्या खाली आणवून तपासतात. तुमच्या बंधूंनी ती भिंत पाहिली आणि म्हणाले, “हालवर्सनांचं नाव इथे लागलं नाही तर मी नॉर्बीला तोंड दाखवणार नाही.” लगेच दोघांची नावं नोंदवून मोकळे झाले. दोन टेकड्या झाल्यासुद्धा.

चर्चच्या पायऱ्या चढताना मला धाप लागते, मी त्यांच्या पायात येऊ नये, असं तुम्ही बजावलंत. काळजी नसावी. मी खाली खुर्चीवर विणत बसते.

घराचे नळ बारीक चालू ठेवा, नाहीतर गोठतील.

तुमची
मार्लिस


नॉर्बी, मिनेसोटा
१४ जानेवारी १९८७

चि. सौ. मार्लिस हिस,

नळ चालू ठेवा हे तू चौऱ्याहत्तर वर्षं या गावात काढलेल्या बाईला सांगतेस, शाब्बास. तुमच्या छपरावरचा बर्फ मी काल उतरवला. तुमच्या दारापुढचा आज. उद्या पुन्हा तुमच्या दारापुढचा, कारण रात्रभर पडणार आहे. तू विणकाम चालू ठेव.

लॉइडची बातमी वाचून मी खुर्चीतून उठले आणि तडक ऑरव्हिलकडे गेले. यंदा त्याच्या साप्ताहिकात छापायला हिमवादळाशिवाय काही नाहीच. पान तीनवर चौकटीत आलंय: ‘नॉर्बीचे सुपुत्र लॉइड हालवर्सन वाळवंटातील शिखरांवर’. सुपुत्र हा शब्द ऑरव्हिलचा, शिखरं हा माझा. टेकडी म्हटलं की लोकांना आपल्या गाईंच्या कुरणातला उंचवटा आठवतो.

आता कॅफेत शिरले की सगळे विचारतात, किती झाल्या. धान्यकोठारात बत्तीस वर्षं खाली बसून पावत्या फाडणारा माणूस वर चढू लागला, याचं त्यांना नवल वाटतं. त्यांच्यापेक्षा मला जास्त वाटतं. का ते तुला कळायचं नाही. तू फक्त एवढं कर, दर टेकडीची उंची कळव आणि त्याला पोटभर खायला घाल. तुझ्या त्या पातळ सुपावर माणूस जिना चढणार नाही.

त्याच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवतेय. त्याचेच आहेत, तू घालू नकोस, तुझी दोन पावलं एकात मावतील.

आर्डिथ


बिटरवेल
२५ जानेवारी

ती. वन्सं यांस नमस्कार.

मोजे उत्तम. वरचे दगड फार धारदार, पण आता पाय सोलवटत नाहीत. टाचेशी थोडे सैल होतात म्हणून पुढे कापसाचा बोळा घातलाय.

अकरा झाल्या. अकरावीचं नाव खेचरकान, दोन हजार तीनशे फूट. शेवटचे शंभर फूट हातापायांवर जायचं. वाटेत एक निवडुंग लागतो, त्याचे गोळे नुसते जवळून गेलं तरी अंगाला चिकटतात आणि हातानं काढायला गेलं तर हातालाही. म्हणून इथे चढणाऱ्यांच्या खिशात पाणी नसेल एक वेळ, पण कंगवा असतो. कंगव्यानं गोळा उडवायचा आणि तोंड दुसरीकडे करायचं. माथ्यावर गेलं की वारा इतका असतो की वही मांडीखाली दाबून लिहावं लागतं. पण तिकडे पश्चिमेला नदीपलीकडचे डोंगर एकामागे एक दिसतात आणि तासभर कुणीही आपल्याला काही विचारत नाही. वन्सं, एकेचाळीस वर्षांत मला असा तास मिळाला नव्हता. म्हणजे, खाली खुर्चीवर.

तुमच्या साप्ताहिकाचं कात्रण आलं. ते आता तुमच्या बंधूंच्या पाकिटात असतं, चालक परवान्याच्या पुढे. चारच्या खुर्च्यांत ते फिरतं. पहिल्या दिवशी नुसतं दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर वारा कसा असतो ते सांगितलं. परवा त्यांना वर एक गरुड भेटला. वर्णन इतकं हुबेहूब की मीही ऐकत राहिले.

मार्लिस


नॉर्बी
४ फेब्रुवारी

चि. सौ. मार्लिस हिस,

लॉइडचा पाय साडेअकराचा. ते मोजे मी त्याच्या जुन्या बुटावर मापून विणले. ते सैल कसे झाले? माणूस थंडीत आटतो हे ऐकलंय, उन्हात पाय आटलेला पहिलाच.

आता दुसरं ऐक. फेर्न लिंडक्विस्टचा चुलतभाऊ तुमच्याच तळावर आठवडाभर राहून आला. परवा चर्चच्या तळघरात, कॉफीच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत फेर्न म्हणाली, “आर्डिथ, तो सांगत होता, लॉइड खुर्चीत बसला होता आणि मार्लिसच कुठून तरी धुळीनं माखून, काठी टेकत, केसात काटे घेऊन आली.” मी तिला म्हटलं, “तुझ्या चुलतभावाला सांग चष्मा बदल. मार्लिसला चर्चच्या बारा पायऱ्या जड जातात.” फेर्ननं ओठ असे मुडपले की तिची कॉफी मी तिच्या बशीत ओतून आले.

तेव्हा मला सरळ लिही. लॉइड चढतो ना? मला दुसरं काही नको. तू मला कधी आवडली नाहीस हे तुला ठाऊक आहे आणि तू ते मनावर घेतलं नाहीस याबद्दल मी तुला मानते. पण या एका गोष्टीत माझ्याशी खेळू नकोस. वडील गेले तेव्हा त्यांच्या नावाचा गावात एक दगडसुद्धा नव्हता, थडग्याचा सोडला तर. त्या भिंतीवर हालवर्सन लागलं पाहिजे आणि ते लॉइडच्या पायांनी लागलं पाहिजे.

पुढच्या टेकडीची उंची ऑरव्हिल मागतोय.

आर्डिथ


बिटरवेल
१५ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस नमस्कार.

सतरावीचं नाव तांबडी भिंत, एकवीसशे चाळीस फूट. तीनच राहिल्या.

फेर्नच्या चुलतभावाबद्दल काय लिहू? इथे सगळ्या म्हाताऱ्या धुळीनं माखलेल्याच असतात. मी लाकडं गोळा करायला जाते, त्यात काटे लागतात.

तुम्ही सरळ विचारलंत म्हणून पत्र तुमच्या बंधूंच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्हीच उत्तर द्या. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, घराभोवती एक फेरी मारली आणि खालचं लिहिलं आहे. मी त्यात काही घातलेलं नाही.

मार्लिस

आर्डिथ, मी मजेत आहे. वर हवा विरळ असते, पण सवय होते. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. गरुडाचं ऑरव्हिलला सांग, त्याला आवडेल. तुझा, लॉइड.


नॉर्बी
२५ फेब्रुवारी

मार्लिस,

आज तुला चि. नाही आणि सौ. नाही.

काल साडेतीनला फोन वाजला. शेरीफच्या कचेरीतला एक माणूस होता, फार अदबीनं बोलत होता, आणि अदब ऐकूनच मी भिंत धरली. म्हणाला, लॉइड हालवर्सन नावाचे वृद्ध गृहस्थ टेकडीवरून उतरलेले नाहीत. वहीत दोघांनी वर जाताना नाव लिहिलंय, खाली एकच बाई आलीय आणि तीही सापडत नाही. घोडेस्वार पाठवलेत. त्यांना काही आजार होता का, असं विचारलं. होता का. ‘आहे का’ नव्हे, तेव्हाच मला कळलं.

मी पास्टरना फोन केला. अर्ध्या तासात तळघराचे दिवे लागले. तुला माहीत आहे आपलं गाव, माणूस गेल्याची खात्री व्हायच्या आधी डुकराच्या मांसाची सँडविचं कापून तयार. फेर्न रडत होती, तीच फेर्न. ऑरव्हिल घरी आला आणि चौकटीत काय घालायचं ते विचारू लागला. त्यानं मथळा आणलाच होता: ‘अखेरच्या शिखरावर’. मी त्याला दारातून घालवलं नाही, मार्लिस. मी तो मथळा वाचला आणि मला रडूही आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. मनात म्हटलं, गेला, पण चढताना गेला. सख्ख्या भावाबद्दल मी असा विचार केला. तो आज मला धुवून काढता येत नाही.

साडेपाचला पुन्हा फोन. ते सुखरूप आहेत. मी विचारलं, टेकडीवर कुठे सापडला? म्हणाला, “बाई, ते टेकडीवर नव्हतेच. ते आम्हाला कॉफी देत होते.”

साठ सँडविचं उरलीत. गाव दारावर येऊन विचारतंय आणि मी आजारी असल्याचं सांगते. आता लिही. सगळं लिही. आणि लोकरीचे मोजे कुणाच्या पायात होते तिथपासून सुरुवात कर.

आर्डिथ


बिटरवेल
२ मार्च

ती. वन्सं यांस,

माझ्या पायात होते.

वीसही टेकड्या मी चढले. पहिल्याच टेकडीला निघालो तेव्हा दोनशे फुटांवर तुमच्या बंधूंनी खाली पाहिलं, चेहरा पांढरा झाला आणि ते वाटेतच बसले. गुडघा, म्हणाले. गुडघा नव्हता. मी म्हटलं, तुम्ही उतरा, मी जरा पुढे बघून येते. वर डबा होता. वही उघडली आणि लिहिलं, ‘लॉइड व मार्लिस हालवर्सन, मिनेसोटा’. विचारसुद्धा केला नाही. एकेचाळीस नाताळं, लग्नाच्या आहेराच्या चिठ्ठ्या, मयताचे गुच्छ, सगळीकडे मी असंच लिहीत आले. खाली येऊन सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुसावंसं वाटलं नाही. मग तुमचं कात्रण आलं. मग गरुड आला.

चोवीस तारखेला विसावी होती. पायथ्याशी वनरक्षकाची वेगळी वही असते, वर जाताना आणि उतरल्यावर लिहायची; तिच्यात सवयीनं दोघांचं नाव आणि ‘माणसं दोन’ लिहिलं. अकराला माथ्यावर पोचले. वही मांडीखाली धरली आणि वन्सं, हात चालेना. मी फक्त ‘मार्लिस’ लिहिलं. खाली उतरले तरी ते अंगात होतंच, पायथ्याच्या वहीतही लिहून टाकलं, ‘मार्लिस उतरली, १२.१०’. कपडे धुवायचा वार होता, एका जोडप्याच्या गाडीतून परस्पर गावात गेले. साहजिकच एक वाजता वनरक्षकानं वही पाहिली: वर दोन, खाली एक.

तुमचे बंधू तळावर होते. कुणीतरी म्हातारा हरवला, एवढंच त्यांच्या कानावर आलं. ते किटली घेऊन धावले. शोधायला आलेले सगळे बाहेरचे, त्यांना नावानं ओळखणारं कुणी नव्हतं; वीस टेकड्यांचा अनुभवी म्हणून लोकांनी त्यांनाच मध्ये घेतलं. त्यांनी मातीत काठीनं नकाशा काढला, माझ्याच तोंडून ऐकलेला. “असली म्हातारी माणसं पश्चिमेच्या घळीत फसतात,” म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी चौदा माणसं आणि सहा घोडे त्यांनी घळीत धाडले. मग शेरीफचा माणूस कर्ण्यावरून हाका मारू लागला, लॉइड हालवर्सन, लॉइड हालवर्सन.

इथून पुढचं लिहायला जड जातं. ते तिथेच होते आणि तोंड उघडलं नाही. अडीच तास. लोकांना कॉफी देत राहिले. तुम्हाला फोन जातोय हेही त्यांना माहीत होतं. मी त्यांना नंतर विचारलं, कसं राहवलं? म्हणाले, “बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं.”

साडेचारला मी धुतलेल्या चादरी घेऊन आले. चाळीस माणसं नवऱ्याच्या नावानं ओरडतायत आणि नवरा किटली धरून उभा. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, “अहो, तुम्हाला हाका मारतायत, ऐकू येत नाही का?” त्यानंतर कुणी कॉफी प्यालं नाही.

विल्माबाईंनी वह्या तपासल्या. म्हणाल्या, एकोणीस ठिकाणी दोन नावं आणि अक्षर एक. ज्याचं अक्षर त्याच्या टेकड्या. पट्टी मला आहे. पण मंडळाची रीत अशी की लग्न झालेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या नावानं कोरायचं. ‘मिसेस लॉइड हालवर्सन’. तुमचे बंधू म्हणतात, तसंच राहू दे, निदान तेवढा तरी मी भिंतीवर राहीन. सहा दिवस ते खुर्च्यांकडे फिरकलेले नाहीत, घरातच जेवतात. मला कीव येते आणि कीव आली की राग येतो.

मला माझं नाव हवंय, वन्सं. आयुष्यात एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं, तो नवराही धरून. पण मी ते घेतलं तर हा माणूस कायमचा खुर्चीत बसेल. कोरणारा बारा तारखेला येतो. तुम्ही त्याला माझ्याआधीपासून ओळखता. तुम्ही म्हणाल तसं करते.

मार्लिस


नॉर्बी
७ मार्च

मार्लिस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा तुझ्यावर रागावले, पुढच्या दोन वेळा माझ्यावर.

आता मी कुणाला न सांगितलेलं ऐक. लॉइड बारा वर्षांचा होता, मी सतरा. आमच्या शेतावरच्या चाऱ्याच्या कोठाराची कप्पी माथ्याशी अडकली. साठ फूट शिडी. वडील त्याला सांगून शेतात गेले. मी आले तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर शिडीला मिठी मारून रडत होता, वरही नाही नि खालीही नाही. मी त्याला उतरवलं, परकराचा काचा मारला, त्याची टोपी डोक्यात घातली आणि वर गेले. वडिलांनी लांबून टोपी पाहिली. रविवारी सगळ्या चर्चला सांगितलं, माझा मुलगा पाखरासारखा चढला. त्याला चाकू बक्षीस दिला. लॉइडनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, घे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याच्यावर उपकार केला. त्या दिवशी मी त्याचे पाय काढून घेतले, मार्लिस. मग सगळ्यांनी तेच केलं. आईनं, कोठारातल्या माणसांनी, शेवटी तू. तो खाली आणि कुणीतरी त्याची टोपी घालून वर. जानेवारीत तू लिहिलंस की तो चढतो, तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. म्हणून गावभर नाचले. तुझ्यामुळे नाचले हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट ऐक. पट्टीवर ‘मार्लिस हालवर्सन’. आमचं आडनाव ठेव, ते तू माझ्यापेक्षा चांगलं वर नेलंस. लॉइडचा एक अक्षरभरसुद्धा उल्लेख नको. तो रुसेल, जेवणार नाही. न जेवता माणूस बरेच दिवस राहतो आणि त्याच्या अंगावर साठाही आहे. त्याची कीव केलीस तर तू माझ्याएवढी मूर्ख ठरशील, आणि मला साठ वर्षं लागली, तुझ्याजवळ तेवढी नाहीत.

हे पत्र त्याला वाचून दाखव. शिडीसकट.

आणि चर्चच्या पायऱ्यांवर तुला धाप लागायची ती बहुधा वर मी उभी असायचे म्हणून. याबद्दल मी माफी मागते. पुन्हा मागणार नाही.

आर्डिथ


बिटरवेल
१६ मार्च

ती. वन्सं यांस नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. शिडीपाशी आल्यावर ते म्हणाले, “पुढचं मला येतं,” आणि उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र, तुमचा अंदाज तेवढा चुकला.

बाराला कोरणारा आला. मी म्हटलं, मार्लिस हालवर्सन. समितीतले तिघं पुरुष रीतीबद्दल बोलू लागले. विल्माबाई उठून भिंतीपाशी गेल्या. त्यांची स्वतःची पट्टी तिथे आहे, ‘मिसेस ॲल्विन स्टकी’. ॲल्विन तर त्या ॲरिझोनात यायच्या सहा वर्षं आधीच वारले. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि कोरणाऱ्याला म्हणाल्या, “ही काढ आणि माझ्या नावानं कोर.” संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आल्या. समितीतले पुरुष चारच्या खुर्च्यांत आता हवामानावर बोलतात.

काल सकाळी तुमच्या बंधूंनी बूट घातले. सभागृहामागे एक उंचवटा आहे, कुणाची नातवंडं आली की त्याच्यावरून घसरतात. म्हणाले, “तू येऊ नकोस.” मी खुर्ची घेऊन खाली बसले, विणकामही घेतलं. वन्सं, एक तास दहा मिनिटं लागली. निम्म्यावर थांबले, दगडाला धरून राहिले. मी उठले तसं वळून न बघता ओरडले, “बस खाली.” मी बसले. आयुष्यात इतकं अवघड बसणं बसले नव्हते. शेवटचा टप्पा ते हातांवर गेले आणि उतरताना बसून घसरत आले, पँट फाटली.

वर डबा नाही, असल्या जागी कोण ठेवील. विल्माबाईंनी आपली वही पुढे केली. तुमच्या बंधूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘लॉइड हालवर्सन. एक.’

चार वाजता खुर्च्यांत गेले. गरुडाचं विचारलं तर म्हणाले, “मला नाही दिसला.”

तुमची
मार्लिस


नॉर्बी
२४ मार्च

चि. मार्लिस हिस,

कात्रण सोबत आहे, पान एक. ते त्याच्या पाकिटात घालू नकोस, त्याला स्वतः घालू दे.

‘दुरुस्ती. जानेवारीपासूनच्या अंकांत श्री. लॉइड हालवर्सन यांच्या म्हणून छापलेल्या सर्व टेकड्या मार्लिस हालवर्सन यांनी चढल्या आहेत. संख्या वीस. चुकीची माहिती आर्डिथ हालवर्सन यांनी दिली होती. श्री. लॉइड हालवर्सन यांनी १५ मार्च रोजी एक टेकडी चढली. उंची चाळीस फूट.’

ऑरव्हिल म्हणत होता, उंची गाळू या, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मोजून चढलाय तो, छाप.

आर्डिथ